चौदा नंबर

पंप बंद केले तेव्हा कुणी निरोपाचं भाषण केलं नाही.
आधी तळाशी एक डबकं,
मग झऱ्यांनी आपला हक्क सांगितला,
आणि क्रेन हलवायची राहूनच गेली.
इंडियानातल्या या खाणीतून
कोर्टांच्या पायऱ्या गेल्या, बँकांचे खांब गेले.
उरलं ते त्यांच्या मापाचं पाणी,
चौकोनी, हिरवं, उभ्या कडांचं.

आता शनिवारी लोक ट्रकच्या मागच्या फळीवर बसून
रबरी सूट अंगावर ओढतात, शिव्या घालत.
हवा भरायचे सहा डॉलर. कॉफी फुकट, कॉफी वाईट.
खाली बघायला काहीतरी हवं म्हणून मालकाने बुडवलंय:
एक होडी, एक बिनपंखांचं विमान,
एक कमोड, ज्यावर बसून सगळे फोटो काढतात,
आणि शाळेची बस. नंबर चौदा.

वर्लिन स्टाउफर, वय सहासष्ट,
माझ्याकडे पोहायला नाही, बुडायला शिकायला आला.
"बावीस वर्षं चालवली तिला," म्हणाला,
"कुठे ठेवलीत ते बघायचंय."
जणू आम्ही उसनी नेलेली शिडी.

मी त्याला खुणा शिकवल्या.
तर्जनी-अंगठ्याचं वर्तुळ: ठीक.
पंजा आडवा हलवला: काहीतरी बिघडलंय.
अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
अंगठा वर म्हणजे वर चला.
का, कशाला, विचारायचं नाही.
एकाने दाखवला की दोघांची डुबकी संपली.
त्याने वहीत लिहून घेतलं.

वीस फुटांवर पाणी बदलतं.
वरचं जुलैचं, खालचं मार्चचं,
मधे थरथरती रेघ, तापल्या डांबरावर दिसते तशी.
ती ओलांडताना त्याचे बुडबुडे क्षणभर अडले,
मग पुन्हा लागले, हिवाळ्यातल्या इंजिनासारखे.

बत्तीस फुटांवर ती उभी होती.
टॉर्च पडला तेवढीच पिवळी,
बाकी शेवाळ.
खिडक्यांच्या काचा काढल्यात, दारही कापून टाकलंय,
कुणी अडकू नये म्हणून.
मी खिडकीतून शिरले.
वर्लिन दारातूनच आला, पायऱ्यांवरून,
फिन सांभाळत, एक, दोन, तीन.
त्याच्या सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्यात.
तो बसला, म्हणजे बसल्यासारखा तरंगला,
आणि हात आपोआप दाराच्या दांड्याकडे गेला.
दांडा होता. दार नव्हतं. त्याने ओढला.

मासे मात्र खिडक्यांतून आले,
ब्लूगिल, तळहाताएवढे, रांगबिंग काही नाही.
त्याने वरच्या लांब आरशात पाहिलं,
ज्यात मागच्या बाकावरची कार्टी दिसायची,
आणि हातमोज्याने आरसा पुसला.
गाळ उठला. मागचं सगळं त्या ढगात गेलं.

मग बाजूच्या खिडकीकडे वळून,
जिथे फक्त दगडाची भिंत आहे
ड्रिलच्या उभ्या खाचांची,
त्याने अंगठा वर केला.

नियम म्हणजे नियम.
मी त्याचा पट्टा धरला, वर आणलं,
पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबवलं,
मास्कमध्ये बघत राहिले: भीती? दम? छातीत कळ?
तो गोंधळलेला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"का आलो आपण वर?"
तुम्ही अंगठा दाखवलात.
तो बराच वेळ नुसता तरंगत राहिला.
"खरंय. पण तो तुला नव्हता.
शेवटचा थांबा, मिसेस प्रुइट.
पोरगं चढून जागेवर बसलं की मी खिडकीतून दाखवायचो.
त्याशिवाय ती आत जायची नाही,
बर्फात सपाता घालून उभी."

टाक्यांत अजून अर्धी हवा होती.
आम्ही फळीवर बसून ती वाईट कॉफी प्यायलो.
"मग आता खाली गेल्यावर तिला काय दाखवू?"
वर्तुळ, मी म्हटलं. ठीक असलं की वर्तुळ.
गारठलेल्या बोटांनी त्याने दोनदा करून पाहिलं.
"तिला ते कळायचं नाही," म्हणाला,
आणि कपातला चोथा गवतावर ओतला.