शून्य बाइट

रात्री दोनला वजनकाटा पुन्हा गप्प झाला.
मरियाकानीच्या अलीकडे, मोंबासाच्या रस्त्यावर,
ट्रकांची रांग पेट्रोलपंपापर्यंत,
आणि पंपाच्या पुढे नुसतेच दिवे.
ड्रायव्हर चाकांना टेकून उकिडवे.
थर्मासच्या एकाच झाकणातून
सगळ्यांचा चहा फिरतोय.
मुटिंडा काचेवर टकटक करतो:
"वाकेशो, तुझं यंत्र झोपलं की मेलं?"

दोन्ही नाही. प्रोसेस चालू आहे, आकडा चारशे सतरा.
लॉगमध्ये लिहिलंय: सर्व ठीक.
पगार थकलेला माणूस चारचौघांत म्हणतो
तसं सर्व ठीक.

मी स्ट्रेस लावते.
म्हणजे दाराआड उभी राहते आणि ऐकते
ती कर्नलकडे काय मागतेय ते.

सॉकेट दे.
नाही. फार उघडी आहेत.
सॉकेट दे.
नाही. फार उघडी आहेत.
सॉकेट दे.

सेकंदाला चाळीस वेळा.
इतक्या वेळा नकार ऐकूनही आवाज न चढवणारं
मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

किती उघडी? मोजते.
मुभा एक हजार चोवीस.
तीन जन्माबरोबर मिळालेली,
पाच घरखर्चाची: लॉग, काटा, असंच काही.
उरलेली एक हजार सोळा
सगळी नैरोबीकडे तोंड करून,
सगळी एकाच अवस्थेत: पलीकडच्यानं मिटलंय,
इकडच्यानं अजून नाही.
यादी एका फाइलीत उतरवून ठेवते.
का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग प्रोसेस मारून पुन्हा उठवते, कान लावलेलाच.
पहिला, रिकामा टँकर.
सॉकेट दे. घे, आठ.
जोड. जोडलं.
पाठव अठ्ठेचाळीस बाइट. गेले.
वाच. एकोणीस.
वाच. शून्य.
मीट. मिटलं.

दुसरा मुटिंडाचा, सिमेंट, दोन टन जास्त.
घे, आठ. जोडलं. गेले. एकोणीस.
वाच. शून्य.

आणि मग

पुढच्या ट्रकला नऊ.

काही वेळ मी पडद्यावर ती ओळ शोधत राहिले
जी तिथे नव्हतीच.
शून्य म्हणजे काही आलं नाही, असं नव्हे.
काही आलं नसतं तर ती थांबली असती, ताटकळत.
शून्य म्हणजे पलीकडचा म्हणाला, निघतो.
नीट, रीतसर म्हणाला.
आणि हिनं ऐकलं, आणि दार तसंच ठेवलं.

गेरिशोमनं लिहिलेला कोड. तो आता किसुमूत सोलर दिवे विकतो.
वजन जास्त असेल तर दंडाची चिठ्ठी छाप, आणि परत फीर.
मिटण्याची ओळ त्याच्या खाली,
जिथपर्यंत जड ट्रक कधी पोचतच नाही.
ती मी वर आणली. एवढंच.
साडेतीनला रांग हलली.
मुटिंडानं दंड भरला, शिवी हासडली, माझ्यासाठी झाकणभर चहा ठेवून गेला.

म्हणजे, एक जड ट्रक, एक उघडं दार.
हे डोक्यात आलं तेव्हा चहा निम्मा झाला होता.
मागच्या रीस्टार्टपासूनचं दंडाचं रजिस्टर काढलं,
बोटानं मोजलं, दोनदा.
सातशे चाळीस पावत्या.

दारं एक हजार सोळा.

बाहेर काटा व्यवस्थित चालत होता.
सव्वासहाला म्वाचोफी साहेब आले,
इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या.
"काय झालं होतं गं रात्री?"
"एक ओळ चुकीच्या जागी होती, साहेब."
"मग आता सगळं ठीक?"

दोनशे शहात्तर.
मी शून्य बाइट पाठवले.
त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या, माझ्याकडे पाहिलं,
आणि दार लोटायचं विसरून आत गेले.