पांढऱ्याचे थर

स्विचबोर्ड बदलायला आलेला पोरगा म्हणाला,
ताई, हा बोर्ड तं भिंतीत घुसून गेला ना.
बोर्ड जागेवरच आहे, म्हटलं.
भिंत पुढे आली.

दर प्रदर्शनानंतर एक हात पांढरा,
बाहत्तर सालापासून.

त्याआधी आजोबा, लटारी मौंदेकर, इतवारीत फ्रेमा करायचे.
देव आणि गेलेली माणसं,
दोघांना एकच काच, एकच दर.
घोडेस्वार मास्तरांचं बिल थकलं, सत्तावन्न रुपये,
तर ते एक चित्र ठेवून गेले:
काळ्यावर काळं, आणि एका कोपऱ्यात
चिमूटभर हळदीएवढं पिवळं.
आजोबांनी ते उलटं टांगलं.
मास्तर येत, बघत, चहा पिऊन जात.
गिऱ्हाईक विचारी, हे काय होय गा?
आजोबा म्हणत, उधारी.

बाबांनी धंतोलीत हॉल घेतला, देव इतवारीतच ठेवले.
उद्घाटनाला आजोबांनी सवयीनं चपला बाहेर काढल्या,
भिंतींकडे पाहून हात अर्धे वर नेले,
मग खिशातून टेप काढून
दाराची चौकट मोजत बसले.

मे महिन्यात सारं नागपूर कूलरच्या तोंडाशी.
आमच्याकडे कूलर नाही, ओल कॅनव्हासला चढते.
शेहेचाळीस डिग्रीतून आत आलेला माणूस
चित्रापुढे डोळे मिटून उभा राहतो, टिपं पुसतो.
लांबून वाटतं, ह्याला कळलं.

वच्छलाआत्याची वही:
आज आले तीन. एक झेरॉक्स विचारत.
आज आले शून्य. फिनाईल, अकरा रुपये.
आज काकांनी अर्धा हॉल मागितला.

पुढची दोन पानं कोरी आहेत.
मधे भिंत उठली. पलीकडे काकांचे बेसिन, कमोड,
अलीकडे आमची चित्रं.
दोन्हीकडे पांढरंच, आत्या म्हणायची,
त्यांचं खपते.

पोरानं छिन्नी लावली.
बोटभर जाड खपली हातात आली माझ्या.
कडेनं पाहिलं तर थरच थर, शिळ्या पोळीच्या पदरासारखे,
आणि मधोमध
एक पिवळी रेघ.

मास्तर गेले त्या आठवड्यात
बाबांनी एकट्यानं रात्रभर ही भिंत पिवळी केली होती.
एकही चित्र लावलं नाही. तीन दिवस दार उघडं.
मी सहा वर्षांची. नंतर कितीदा विचारलं मी,
आत्या म्हणायची, स्वप्न पडलं असंल तुले,
वहीत रंगाचा खर्च कुठं आहे?

ते चित्र अजून उलटंच आहे.
बाबांनीही सरळ केलं नाही.
कोणती बाजू वरची, हे ठाऊक असलेलं
आता कुणी राहिलं नाही.

ताई, भोक बुजवू काय?

राहू दे.
वायर तेवढी आत सार.