गिरणारेमार्गे

लिलावात भंगाराच्या भावानं सुटली ती.
शरणपूरच्या शांतवन पगारे मास्तरांनी फंडाच्या पैशातून घेतली,
द्वारकेपल्याड गॅरेजात ढकलत आणली, म्हणाले,
"सादिकभाई, हिला सुवार्तेची गाडी करायची."

मी पेंटर. मला काय,
लाल घासायचा, पांढरा मारायचा.
लालाखाली पिवळा निघाला,
पिवळ्याखाली परत लाल,
आणि पार पत्र्यापाशी, कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं
"मंदा".
तिथं हात आपोआप हलका झाला.

मागच्या सहा सीटा काढल्या.
पेटी, झांजा, पुस्तकांचं कपाट बसलं.
विचारलं, "आमदारांसाठी राखीव, हे खोडू?"
मास्तर म्हणाले, "असू दे.
एक जागा रिकामी ठेवायची सवय आहे तिला."

त्यांनी दिलेलं वाक्य लांब.
डिझेलच्या झाकणाशीच जागा सरली,
शेवटचे दोन शब्द मागच्या चाकावर चढवले.
समोरच्या पाटीचं कुणी काही बोललं नाही.
ती राहिली तशीच:
हरसूल, गिरणारेमार्गे.

माझे चौदाशे बाकी होते, म्हणून पहिल्या फेरीला मीही.
स्टेअरिंगवर देवराम गावित, डेपोतून रिटायर.
गिरणाऱ्याचा टोमॅटोचा बाजार मागं पडला,
चढाला एका म्हातारीनं हात केला
आणि देवरामच्या पायानं ब्रेक दाबला.
पायानं. देवरामला नंतर कळलं.

म्हातारी चढली, तिच्यामागं कोंबडी काखेत घेतलेला एक बाबा,
दप्तरवाली दोन पोरं.
बाबा सरळ आमदाराच्या जागेवर.
सलोमीबाई पेटीवर बोटं ठेवून तशाच,
पहिला सूर कुठला लावावा ते सुचेना.
म्हातारीनं पदराची गाठ सोडली. "हाफ."

मास्तर उठले.
रात्रभर पाठ केलेलं सगळं ओठांशी आलेलं,
गाडी वळणावर कलली, त्यांनी वरचा दांडा धरला
आणि तोंडातून निघालं,
"कुठं जायचं, आजी?"

हरसूलपर्यंत कोंबडीच काय ती बोलत होती.

उतरताना म्हातारीनं दहाची नोट पेटीवर ठेवली,
पांढऱ्या पत्र्यावरून हात फिरवला. रंग अजून चिकटत होता.
"उंद्या कवा हाय गाडी?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं,
मी देवरामकडं.
देवरामनं घड्याळात.

"सव्वासातला," तो म्हणाला,
"पण वेळेवर या. थांबत नसते."