खारपाणपट्ट्यातला देवमासा

पुस्तक आलं ते तुरीच्या पोत्यात, वर सुतळी.
पाळक शमुवेल तायडे म्हणाले, "बांधून द्या. काय घ्याल?"
मी तलाठ्याच्या फेरफार वह्या बांधणारा माणूस,
खळ, सुई, दोरा, एवढंच माझं शास्त्र.
म्हटलं, आधी पाहू तर द्या.

वाळवीनं पुठ्ठा खाल्लेला, सन खाल्लेला,
छापखान्याचं नाव अर्धं.
आत जाड कागदावर सवाल-जबाब:
देव किती? एक.
त्यात जण किती? तीन.
आणि शेजारी चित्र, पळसाची डहाळी.
मी हसलो. तायडे हसले नाहीत.
मग हसले.

ठसे कोरणारा इथलाच, म्हणतात.
पैकाजी रंगारी, लुगडी छापायचा.
मिशनच्या साहेबानं विलायती चित्रं पुढं ठेवली,
म्हणाला, अशीच काढ.
अशीच म्हणजे कशी, ते पैकाजीनं ठरवलं.
म्हणून स्वर्गाला रुईफुलाची किनार आहे,
नरकात गुळाची कढई,
सैतानाच्या हाती मळी काढायचा झारा.
तारवात सगळ्यात शेवटी चढते ती गवळाऊ गाय,
वासरू मागे राहिलं म्हणून मान वळवून पाहणारी.

आणि योनाचा मासा.
दर्यापूर नाव आहे, दर्या कुणी पाहिला?
विहिरीचं पाणी तेवढं खारं,
त्यात डाळ शिजत नाही,
पण लाट म्हणावी तर तीही नाही.
पैकाजीनं पूर्णेच्या डोहातली मरळ घेतली,
तिला शिंगाड्याच्या मिशा लावल्या,
पोटात माणूस बसवला, मांडी घालून,
हाताशी तांब्या.
गोड पाण्याचा असणार.

पान त्र्याऐंशी शिवताना थांबलो.
याईराची मुलगी बाजेवर निजलेली.
उशाशी येशू, डोक्याला मुंडासं,
तिचा हात धरून.
बाजेच्या गात्यावर बारीक खुणा,
मुंग्या चालल्यासारख्या.
"इब्री आहे ते," तायडे म्हणाले.
त्यांच्या वडिलांनीही हेच सांगितलं होतं.
एकदा नागपूरचे कुणी पंडित आले,
मान हलवली, चहा घेतला, गेले.

दुपार झालेली. भाकरीचा डबा उघडला,
तर झाकणात पान दिसलं, उलटं,
म्हणजे सुलटं.
तान्ही.

एवढंच. वय नाही, गाव नाही.

छापायचं ते उलटं कोरावं लागतं,
हे रंगाऱ्याला कोण शिकवणार?
पण अक्षर त्याला येत नव्हतं.
साहेबाचा मजकूर यायचा आधीच उलटा लिहून.
हे नाव साहेबाला मागितलं नसेल.
शाळेतल्या पोराकडून पाटीवर काढून घेतलं असेल,
आणि शिवणीच्या लाकडात रेघ न रेघ उतरवलं,
दिसलं तसं.
कागदावर ती पाठमोरी उमटली.

तायड्यांनी बाप्तिस्म्याची वही काढली,
मग कबरस्तानाची.
तान्ही नाही. पैकाजीही नाही.
रंगारी शेवटपर्यंत आपल्याच देवाचा राहिला,
असं एक म्हातारी सांगायची म्हणे.
पटकीच्या साली त्यानं वर्षभर
एकही लुगडं छापलं नाही,
हेही तीच सांगायची.
आम्ही दोघं त्यावर काही बोललो नाही.
पंखा गेला होता, लाइन नव्हती.

त्या पानाला मी कड जास्त सोडली,
दोन बोटं,
टाक्यांत बाज दबू नये म्हणून.
मजुरी दोनशे चाळीस सांगितली.
त्यांनी तीनशे दिले, सुटे नाहीत म्हणाले.

पोतं मात्र इथंच विसरले.
आणि परवा कुणी सांगत होतं,
चर्चमध्ये पोरं रांग लावून उभी होती
एका पुस्तकासमोर,
प्रत्येकाच्या हातात आपापल्या डब्याचं झाकण.