लघुतम माप

लक्ष्मीपुरीत, धान्य ओळीच्या मागं,
आबांचं दुकान म्हणजे पाच फूट रुंद अंधार
आणि त्यात टांगलेले तराजू,
कुणाचं पारडं गेलेलं, कुणाचा काटा वाकलेला.

रविवारी मी वजनं पुसायचो.
(आमच्याकडं पोरीही ‘पुसायचो’च म्हणतात.
पुण्याची आत्या हसते. हसू दे.)
वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं.
कमी भरलं तर घालायचं,
जास्त भरलं तर खरवडायचं,
मग साहेबाचा शिक्का.
किलोचा किलो होणं हे एवढं हातचं काम आहे
हे मला शाळेच्या आधी कळलं.

दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले
आणि घरात पेढ्यांपेक्षा माणसं जास्त झाली.
इचलकरंजीचा मामा म्हणाला, बायोलॉजी घे, डॉक्टर हो,
दवाखान्याला गाळा मी बघतो.
कोगनोळे काकू म्हणाल्या, कॉमर्स बरं, उन्हात फिरायला नको.
राजारामपुरीतल्या क्लासवाल्यानं
फीचा आकडा लिहून कागद पालथा सरकवला,
गुळाच्या सौद्यात रुमालाखाली बोट दाबावं तसा.
आबा काहीच बोलले नाहीत.
दहाचा पाना शोधत राहिले.

खरं तर माझं आधीच ठरलं होतं,
मार्चच्या एका दुपारी, शाहूपुरीत,
एका अडत्याच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर.
गुळाचा रवा ठेवला: तीस किलो.
मग तीस किलो पाच ग्रॅम.
मग तीस. मग पुन्हा पाच.
हमाल म्हणाला, काटा नाचायलाय, मालक.
आबा म्हणाले, पंख्याचं वारं.
मी पंखा बंद केला.
काटा नाचतच राहिला.
माश्या हाकलल्या, रवा सरळ केला,
सगळे श्वास धरून उभे राहिलो,
पाच ग्रॅम येत राहिले, जात राहिले,
कुठून, कुठं?
आबांनी चष्मा काढून पुसला
आणि अडत्यासमोर, हमालासमोर, माझ्यासमोर म्हणाले,
‘हे मला ठाऊक नाही.’

चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर बाजार तोलला
त्या माणसाच्या तोंडून
हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.
लाज वाटायला हवी होती.
मला तर दार उघडल्यासारखं झालं.

फॉर्म भरताना नेट कॅफेतल्या पोरानं विचारलं,
बायो ठेवू का सोडू?
सोड, म्हणालो.
फिजिक्स? — ठेव.
नक्की? सगळे रडत्यात त्यात.
ठेव म्हटलं न्हवं.

मीही रडलो. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ.
मामाचा फोन आला, मी घरात नाही असं सांगायला लावलं.
पण प्रयोगशाळेत आळतेकर बाईंनी
हातात व्हर्नियर दिला, थंडगार, तेलाचा वास येणारा,
अगदी आबांच्या ड्रॉवरमधल्यासारखा,
आणि म्हणाल्या, आधी लघुतम माप लिही.
मग मापाशेजारी लिही
की तू किती चुकू शकतेस.
जो आकडा आपली चूक सांगत नाही
तो अर्धाच आकडा.

रात्री आबांना सांगितलं.
भाकरीचा तुकडा हातातच राहिला.
‘म्हणजे चूक लिहून ठेवायची? गिऱ्हाइकाला दिसंल अशी?’
व्हय.
‘मग धंदा व्हायचा कसा, बाई?’
आणि हसले, पण निम्मंच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजवरून दुकानात गेलो.
दुरुस्तीला आलेला तोच काटा टेबलावर.
‘कळलं का त्याचं?’
अजून नाही. बारावीत असेल.
‘आणि बारावीतही नसेल तर?’
मी दप्तर खाली ठेवलं.
आबांनी न सांगता पंखा बंद केला.
पारड्यावर काही नव्हतं, धूळसुद्धा पुसलेली,
आणि आम्ही दोघं, घाम गाळत,
शून्याच्या शेवटच्या आकड्याकडं बघत बसलो,
तो हलतो का.