रकाना नऊ

कार्पोरेशनचा कागद कन्नडात आला,
म्हणजे येतो तसाच आला.
मला कन्नड बोलता येतं, भांडता येतं,
उद्यमबागेत फौंड्रीत तीस वर्षं
शिव्यासुद्धा त्याच भाषेत खाल्ल्या आणि घातल्या.
पण लिहिलेली अक्षरं म्हणजे
नुकत्याच साच्यातून काढलेल्या कास्टिंगसारखी:
गोल, गरम, हात लावायचं धाडस होत नाही.

मग तोरगल मास्तरांना हाक मारली.
मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे.
मागच्या खोलीत राहतात, बाविसावं वर्ष.
आले, चष्म्याची दोरी मानेत अडकवत,
खांद्यावर मापाची टेप तशीच लोंबत.
कट्ट्यावर बसून कन्नडात वाचायचे,
मराठीत सांगायचे, मध्येच चहा फुंकायचे.

सत्तरी ओलांडलेल्या घरमालकाला
घरपट्टी निम्मी.
निम्मी! म्हणजे दोन हजार एकशे चाळीस वाचले.
मी मनातल्या मनात
बीपीच्या गोळ्यांत त्याचा हिशोब करून टाकला.

नाव, नागोजी भरमाण्णा हलगेकर.
वय चौऱ्याहत्तर. अनगोळ, चौथ्या गेटापाशी.
खोल्या तीन. नळ एक. संडास एक,
स्वतंत्र का सामायिक?
मास्तर हसले.
त्याच्यापायी रोज पहाटे साडेपाचला
आम्ही खोकून एकमेकांना इशारे देतो.

मग रकाना नऊ.
मास्तर थांबले. टेप खांद्यावरून काढली,
गुंडाळली, परत सोडली.
"घरात भाडेकरू आहे काय, विचारलंय.
असला तर सूट नाही."
पेन त्यांच्याच हातात.
"एन् बरीली, हलगेकर? काय लिहू?"

मी गेटाकडे बघितलं.
मालगाडी चालली होती. मी डबे मोजले.
मोजायचं काही कारण नव्हतं.
एकोणचाळीस का चाळीस,
तेवढ्यात पेनाचा आवाज आला, एकच शब्द.
"आत," म्हणाले. झालं.
खाली मी सही केली, मराठीत.

दोन महिन्यांनी बिल आलं. निम्मं.
म्हणजे मागच्या खोलीत कुणी राहत नाही.
रात्री अकरापर्यंत मशीन कोण चालवतं मग,
दोरीवर कुणाचं धोतर,
कोनाड्यात कुणाची विभूती,
कार्पोरेशनला माहीत नाही.
मास्तर एकाहत्तर वर्षांचे.
घर नाही, पेन्शन नाही, सुईत दोरा ओवायला
आता शेजारच्या पोराला बोलावतात.
त्यांच्यासाठी काय सूट आहे,
मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारलं.
क्लार्क म्हणाला, कुणासाठी?
आणि मी काही न बोलता
छत्री विसरून घरी आलो.

एक तारखेला मास्तर भाडं घेऊन आले,
ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याच्या पिशवीत,
पंधराशे, मोजून.
मी म्हटलं, बिल निम्मं आलं.
"इरली बिड्री," म्हणाले. असू दे.
मी म्हटलं, त्यातले निम्मे तुमचे.
"कशाचे?"
कशाचे ते मला सांगता येईना,
दोन्ही भाषांत.

पावतीपुस्तक काढलं.
मास्तरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.
पावती ते नुसती घडी घालून डब्यात ठेवतात.
एरवी मी लिहितो, भाडे मिळाले.
या वेळी लिहिलं,
श्री. शिवलिंगप्पा तोरगल, टेलर,
या घरात राहतात. बावीस वर्षं झाली.
पुढंही राहतील.
खाली सही, तारीख, आणि उगाचच माझं वय.

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला.
"आज लई लिव्हलंय," म्हणाले,
"भाडं वाढवलं काय?"

पाचशेची एक नोट मी पिशवीत परत घातली.
त्यांनी ती काढून कट्ट्यावर ठेवली.
अजून तिथंच आहे,
उडू नये म्हणून वर चहाचा कप.
कप कुणी उचलायचा, ते ठरत नाही.