पानं उलटणारा

दर बुधवारी चार वाजता, मोदामधल्या त्या घरात
मी पानं उलटतो.
काम एवढंच:
शाके हानमनं हनुवटी हलवली की उठायचं,
कोपरा चिमटीत धरायचा
आणि कागदाचा आवाज न होऊ देता
पान पलीकडे टाकायचं.
तासाला दोनशे लिरा, वर चेरीचं सरबत.

रेफेत बे चेलो लावतात,
लावता लावता कुरकुरतात: हवा दमट, तार ढिली, बोटं म्हातारी.
शाके हानम ‘ला’ देतात. एकदाच.
पुन्हा मागितला तर खिडकीबाहेर बघतात.

मग तो जर्मन सोनाटा. चाळीस वर्षं तोच,
चाळीस वर्षं त्याच वळणावर भांडण.
‘इथे हळू लिहिलंय.’
‘हळू लिहिलंय, झोप असं नाही लिहिलेलं.’
मी बावीस वर्षांचा, कॉन्झर्व्हेटरीतून नापास झालेला,
मला दोघांचंही पटतं.

मागच्या बुधवारी पियानोचे सूर लावायला वारुझान आला.
झाकण काढलं, पट्ट्या एकेक करून उपसल्या,
चादरीवर मांडल्या, माशाचे काटे मांडावेत तशा.
डावीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीच्या कडेला
पेन्सिलीनं चार अक्षरं,
घोड्याच्या नालांसारखी, मला न वाचता येणारी.

‘काय आहे हे?’ रेफेत बेंनी विचारलं.
वारुझाननं आधी शाके हानमकडे पाहिलं.
‘कारखान्याचा नंबर.’

‘नंबर कसला,’ त्या म्हणाल्या, ‘माझं नाव आहे ते.
भावानं पट्टी काढून दिली, मी लिहिलं.
सहा वर्षांची होते. मारही खाल्ला.’

घड्याळ चालत होतं. रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत होतं.

बेचाळीस सालच्या हिवाळ्याबद्दल शाळेत आम्हाला
कुणी काही शिकवलं नव्हतं.
आजी एकदा भांडी घासताना बोलून गेली होती:
कर होता, आकडा नाव बघून पडायचा,
पंधरा दिवसांची मुदत, मग घरातलं सगळं लिलावात,
चमच्यांपर्यंत.

रेफेत बेंनी गज उचलला, त्यावर राळ घासली,
पुन्हा घासली, गरज नसताना.
‘मला ठाऊक होतं,’ ते म्हणाले. ‘आईनं सांगितलं होतं जाताना.
घेऊन जा. माणसं मी आणतो. उद्या हवं तर उद्या.’

‘कुर्तुलुशचा माझा जिना अरुंद आहे.’
‘खिडकीतून चढवू.’
‘आणि मग बुधवारी मी भांडू कुणाशी?’

वारुझाननं पट्ट्या परत बसवल्या.
ती एक त्यानं बाहीनं पुसली,
अक्षरांचा भाग सोडून.

सोनाट्यानंतर टँगो, नेहमीसारखा.
तो कुठे छापलेला नाही. त्यांचे वडील बेयोग्लूच्या
एका हॉटेलात वाजवायचे, रात्री अकरानंतर,
आणि ह्या टेबलाखाली झोपेत ऐकायच्या.
त्याला पान नाही, म्हणून मला काम नाही.
मी हात मांडीवर ठेवून बसतो
आणि त्यांचा डावा हात बघतो:
तो खाली, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत कधीच जात नाही.
त्या दिवशी गेला.
इतका खोल सूर की ऐकू आला नाही नीट,
सरबताच्या ग्लासात थरथरला.
चेलो एका मात्रेसाठी थांबला,
मग घाईघाईनं पुढे धावला.

सव्वासातच्या बोटीत मी त्यांची पिशवी धरून बसलो.
समुद्री पक्षी पावाच्या तुकड्यांवर तुटून पडत होते.
चहात त्यांनी दोन खडे टाकले, डॉक्टर नको म्हणतो तरी.

‘कसं झालं?’ मी विचारलं.

‘तिसरा ठोका त्याला धरवत नाही,’ त्या म्हणाल्या.
‘आधीच पोचतो. चाळीस वर्षं सांगतेय.’
चमचा ढवळत राहिला, खडे विरघळल्यावरही.
‘बापावर गेलाय.
तोही लिलावाला सगळ्यांच्या आधी पोचला होता.’